वर असलेली खालची आळी

माणसानं भांडण अर्धवट टाकून जाऊ नये. यशवंतानं नेमकं तेच केलं. आदल्या संध्याकाळी फोनवर आमची चांगली जुंपली होती. 'उद्या बोलतो तुझ्याशी, आत्ता माझं डोकं फिरलंय,' असं म्हणून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पिऊन, काय काय सुनवायचं ते मनाशी जुळवून त्याच्या फोनची वाट बघत बसलो होतो, आणि फोन आला तो त्याच्या पुतण्याचा, सिद्धार्थचा. "काका, आप्पा गेले. पेपर वाचत बसलेते. काकी चहा घिऊन आली तवर..." मी 'बरं' म्हणालो. अशा वेळी दुसरं काय म्हणतात ते मला आजही सुचत नाही. चपला पायात अडकवताना मला रडू आलं नाही, राग आला. आता महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही. घरची माणसं म्हणतात, लिहून काढा, मन मोकळं होईल. बघू या.

प्राध्यापक यशवंत शिंगे बेळगावातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचा आणि मी त्याच कॉलेजात मराठी. आमची ओळख मात्र त्याआधीची, बी.ए.च्या वर्गातली. मी उचगावच्या शेतकरी घरातला, रोज एस.टी.नं येणारा. तो बोरगावच्याही पुढं, दूधगंगेच्या काठावरच्या गावातला, बौद्ध समाजातला, बेळगावात हॉस्टेलवर राहणारा. माझ्या डब्यातल्या भाकरीवर त्याचा डोळा आणि त्याच्या इंग्रजीवर माझा, अशी ती दोस्ती जमली. वर्गात तो फार बोलायचा नाही. पण त्याच्या उशाशी एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी असायची, पुठ्ठा निघालेली, आणि ती तो आम्ही वर्तमानपत्र वाचतो तशी वाचायचा. पान उघडायचं, एखाद्या शब्दावर बोट ठेवायचं आणि स्वतःशीच मान डोलवायची. मी त्याला चिडवायचो, "यशा, गोष्ट कुठवर आली? नायिका भेटली का?"

त्याच्या गावी मी पहिल्यांदा गेलो तो दिवाळीच्या सुट्टीत. त्यानं सांगितलं होतं, स्टँडवर उतर आणि कुणालाही विचार, खालची आळी कुठं. मी उतरलो. कुणाला विचारायची गरजच वाटली नाही, कारण रस्ता समोर नदीकडे उतरत होता आणि खालची आळी म्हणजे खालीच असणार. उतरत गेलो तर दगडी जोत्यांची घरं, मारुतीचं देऊळ, दारात ट्रॅक्टर. तिथं एका कट्ट्यावर बसलेल्या माणसाला विचारलं, खालची आळी हीच का? तो माणूस माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागला, जणू मी त्याला शिवी दिली होती. "ही वरची आळी हाय," तो म्हणाला. मग मागं, मी आलो त्या चढाच्याही पलीकडं, टेकाडावरच्या माळाकडं हात करून म्हणाला, "खालची तिकडं." मला वाटलं थट्टा करतोय. पण तो थट्टा करत नव्हता. मी तो चढ चढून माळावर पोचलो तेव्हा यशवंत वाट बघत उभा होता आणि मला घाम पुसताना बघून पोट धरून हसत होता. "चुकलास न्हवं? भाईरचा माणूस चुकतोयच. खाली म्हटलं की तो खाली जातोय," तो म्हणाला.

नंतर त्याच्या आज्यानं मला सगळं सांगितलं. त्यांची वस्ती पूर्वी खरंच खाली होती, नदीला लागून, धारेच्या खालच्या अंगाला, म्हणजे वरच्या आळीनं वापरून सोडलेलं पाणी जिथं यायचं तिथं. कधीतरी मोठा पूर आला, सगळी घरं गेली, आणि मग गावानं त्यांना माळ दिला. माळावर खडक, पाणी नाही, कुसळाशिवाय काही उगवत नाही, म्हणून दिला. वस्ती वर आली. नावही पाठोपाठ चढून आलं. तेव्हापासून गावात कुणी माळावर निघालं की म्हणतं, खाली जातोय. माळावरचा माणूस गावात आला की विचारतात, वर कधी आलास. चढणारा माणूस धापा टाकत खाली जातो आणि उतरणारा आरामात वर येतो, आणि यात काही चुकतंय असं गावात कुणालाच वाटत नाही. म्हाताऱ्यालासुद्धा वाटत नव्हतं. त्यानं ते सगळं तंबाखू मळत, पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं.

यशवंताला मात्र लहानपणापासून वाटत होतं. सातवीत असताना शाळेच्या कपाटातली डिक्शनरी त्याच्या हाताला लागली, तेव्हा त्यानं पहिला शब्द शोधला तो 'डाऊन'. त्यात लिहिलं होतं, कमी उंचीच्या जागेकडे. बस्स. मग 'अप' शोधला. जास्त उंचीच्या जागेकडे. "कुणाचं घर, कुणाची आळी, काय न्हाय बघ त्यात," तो मला सांगायचा, आणि सांगताना त्याचा चेहरा त्या सातवीतल्या पोरासारखा व्हायचा. "जमीन उंच असंल तर अप, न्हायतर डाऊन. त्या पुस्तकात आमचं घर अप होतं, परशा." माझं नाव परशराम, तो आणि माझी आई सोडून मला परशा म्हणणारं कुणी नव्हतं. आता कुणीच राहिलेलं नाही.

म्हणून तो इंग्रजी शिकला. लोक त्याच्या सत्काराच्या भाषणांत जिद्द, चिकाटी, परिस्थितीवर मात असं काय काय बोलायचे, पण मला विचाराल तर हे एवढंच कारण होतं. पुढं आयुष्यभर तो वाट सांगायचा ती इंग्रजीत. लेफ्ट घे, स्ट्रेट जा, थर्ड क्रॉसला राइट. तसं आमच्या बेळगावात सगळेच सांगतात. समोरचा मराठी की कन्नड हे कळायच्या आत 'डावीकडे' म्हटलं तरी पंचाईत आणि 'एडक्के' म्हटलं तरी पंचाईत, त्यापेक्षा लेफ्ट बरं, कुणाच्या बापाचं नाही. दुकानदार, रिक्षावाले, पोलीस, सगळे त्या लेफ्ट-राइटच्या आडोशाला सुखानं राहतात. मी मराठीचा मास्तर, मला याचा वैताग यायचा. "उजवं-डावं काय मेलं का रे तुमचं?" मी म्हणायचो. तो म्हणायचा, "तुझ्या मराठीत डावं म्हंजे नुसती बाजू असती व्हय? डावं-उजवं करू नको म्हणतोस, म्हंजे डावं कमीच की."

मी पण काही कमी नव्हतो. एकदा स्टाफरूममध्ये मी त्याचीच डिक्शनरी उघडून त्याच्यासमोर आदळली. म्हटलं, वाच. 'राइट' म्हणजे उजवा, आणि राइट म्हणजे बरोबर, योग्य, न्याय्य. 'डाऊन' म्हणजे खाली, आणि खचलेला, हरलेला, बंद पडलेला. 'बॅकवर्ड' म्हणजे मागच्या दिशेनं, आणि पुढं बघ काय लिहिलंय. तू पहिला अर्थ वाचून पुस्तक मिटतोस, खालचे वाचत नाहीस. यशवंतानं पुस्तक स्वतःकडे ओढलं. त्याला ते माहीत नव्हतं असं नाही, इंग्रजीचा प्राध्यापक होता तो. पण कुणी असं बोट ठेवून दाखवलं नव्हतं. "शब्दकोशात बी गाव हायच की रं," तो हळूच म्हणाला. त्यानंतर आठवडाभर तो माझ्याशी नीट बोलला नाही, आणि मला आपण जिंकल्याचा आनंद काही केल्या होईना.

मग त्यानं नवंच खूळ काढलं. डिक्शनरीनं दगा दिला म्हणून तो रस्त्यावरच्या इंग्रजीच्या मागं लागला. आमची पोरं जी इंग्रजी बोलतात, जिला बाकीचे प्राध्यापक नाकं मुरडायचे, तिच्यात त्याला रस वाटू लागला. फळ्यावर मधोमध रेघ मारायचा, एका बाजूला डिक्शनरीचा अर्थ, दुसऱ्या बाजूला आमच्या भागातला. 'इन' म्हणजे आत. आमच्याकडे शर्ट इन करतात. 'आऊट' म्हणजे बाहेर. आमच्याकडे डोकं आऊट होतं, आणि शनिवारी संध्याकाळी माणूसही होतो. 'ओव्हर' म्हणजे वरून. आमच्याकडे 'लई ओव्हर करालाय' म्हणजे नको तेवढा शहाणपणा. परीक्षेत बॅक राहतो, धंदा डाऊन असतो, गाडीला साइड द्यायची असते. पोरं खिदळायची, पण तासाला बसायची. तो तास चुकवायला कुणी तयार नसायचं.

त्याचा सगळ्यात लाडका शब्द 'राइट'. कर्नाटकाच्या एस.टी.त कंडक्टर दारावर थाप मारून 'राइट, राइट' ओरडतो. गाडी उजवीकडे वळत नाही की काही बरोबर ठरत नाही, गाडी नुसती सुटते. बायका, टोपल्या, कॉलेजची पोरं, वरच्या आळीतले, खालच्या आळीतले, सगळ्यांना घेऊन सुटते. "हा अर्थ कुठल्या डिक्शनरीत न्हाय," यशवंत म्हणायचा, "आणि हाच तेवढा मला पटतोय." मी म्हणायचो, मग लिही की एक पुस्तक, छापू आपण. त्यानं कधी लिहिलं नाही. कंटाळा, दुसरं काय! पोरांना हसवण्यात त्याचा जीव, कागदाला पेन लावायचं म्हटलं की पाठ दुखायची. त्या तासांचं आज काहीही शिल्लक नाही, पोरांच्या आठवणीत असेल तेवढंच. माझ्या रागाचं हेही एक कारण समजा.

एका तासाला मात्र हसणं थांबलं होतं. निपाणीकडून रोज येणारा एक मुलगा म्हणाला, सर, मी अप-डाऊन करतो. हा शब्द आमच्याकडे सगळेच वापरतात. यशवंतानं सहज विचारलं, "अप कुठलं आणि डाऊन कुठलं?" मुलगा म्हणाला, "कॉलेजला येताना अप, घरी जाताना डाऊन." "का? घर खड्ड्यात हाय?" वर्ग हसला. मुलगाही हसला आणि म्हणाला, "न्हाय सर, पण घर म्हंजे डाऊनच की." यशवंत फळ्याकडे वळला आणि 'डाऊन'समोर त्यानं नुसतं 'घर' लिहिलं. तास सुटल्यावर स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणाला, "त्यो त्याच्या गावच्या पाटलाच्या घरातला पोरगा हाय, परशा. त्याला बी घर डाऊनच वाटतंय." त्याला यात आनंद वाटला होता की वाईट, ते मला तेव्हाही कळलं नाही.

आमच्या निवृत्तीच्या सुमाराला दूधगंगेला मोठा पूर आला. वरच्या आळीत कमरेच्या वर पाणी. जोती, ट्रॅक्टर, देऊळ, सगळं पाण्यात. लोक जे हाताला लागेल ते घेऊन माळावर आले आणि समाजमंदिरात राहिले. यशवंत बेळगावहून मिळेल त्या गाडीनं गावी गेला होता. माळावरच्या बायकांनी चुली पेटवल्या, खिचडीची पातेली चढवली, वरच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना आपल्या वाकळा दिल्या. कुणी काही मनात आणलं नाही, पंगत एकच बसली. यशवंत खूष होता. मला फोन करून सांगत होता की हे बघायला माझा आज्जा पाहिजे होता. आणि बोलता बोलता त्याच्या मागून कुणाचा तरी मोठ्यानं आवाज आला. वरच्या आळीतला एक माणूस रेंज मिळावी म्हणून समाजमंदिराच्या गच्चीवर चढून पुण्याच्या मुलाशी बोलत होता. अख्ख्या गावात त्याहून उंच जागा नव्हती. तिथून तो ओरडून सांगत होता, "काळजी करू नको, आम्ही समदी खाली आलाव. खाली सुखरूप हाव." फोनवर मला ते स्वच्छ ऐकू आलं. यशवंत आधी हसला, खूप हसला. मग "ठेवतो," म्हणाला.

त्या पुरानंतर रस्ते सिमेंटचे झाले आणि पंचायतीनं आळ्यांना बोर्ड लावायचं ठरवलं. आता सीमाभागात बोर्ड म्हटला की काय होतं ते या भागातल्या वाचकाला सांगायला नको. कन्नड वर की मराठी वर, अक्षरं केवढी, इंग्रजी पाहिजे की नको, यावर सभांमागून सभा. एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं समोरासमोर बसली, बाकं आदळली, माणसं उठून गेली. यशवंताला त्या भांडणाशी काही घेणं नव्हतं. तो त्या बोर्डावर काय लिहिणार ते विचारायला गेला होता. कन्नडमध्ये केळगिन ओणी, मराठीत खालची आळी. कुठली ओळ वर यावी याचं भांडण, पण आम्ही खाली यावर दोघांचं एकमत, असं त्यानं मला सांगितलं. हे सांगताना त्याच्या आवाजात जो वैताग होता तो मी त्याच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकला नव्हता. आणि तिथून पुढची दोनेक वर्षं तो त्या एका शब्दामागं लागला.

मी त्याच्याबरोबर पंचायतीत गेलो आहे, म्हणून ऐकीव सांगत नाही. तिथला एक सदस्य भला माणूस होता. यशवंताला खुर्ची दिली, चहा मागवला, 'सर, सर' करत होता. "सर, आता वरची म्हणून लिवलं तर वरच्या आळीनं काय म्हणायचं? दोन वरच्या आळ्या हुत्यात. पोस्टमन कावरंल." यशवंत म्हणाला, "मग वरची नको. स्टँडवर नदी लेफ्टला घेऊन उभं ऱ्हायलं की आमची वस्ती राइटला येती. राइट साइड लिवा. माळ हाय, माळाची आळी लिवा. काय बी लिवा, खाली लिवू नका. खाली न्हाय ती." सदस्यानं खिडकीतून माळाकडं बघितलं. माळ तिथून उंच, अगदी समोर दिसत होता. "व्हय, हाय खरं वर," तो म्हणाला, "पण म्हणत्यात खालीच न्हवं?"

मग त्यांनी एक तोड काढली. त्या आळीला एका महापुरुषाचं नाव द्यायचं, म्हणजे खालची-वरचीचा प्रश्नच मिटला. माळावरच्या सगळ्यांना ते पसंत पडलं. सिद्धार्थनं पेढे आणायची तयारी केली. आणि आमचे यशवंतसाहेब अडून बसले. "नाव मोठंच हाय," तो म्हणाला, "त्या नावापुढं मी कोण? पण हे लोक त्या नावाचा पडदा करणार. बोर्डावर नाव आणि तोंडात खालची. मला पडदा नको, चूक दुरुस्त पाहिजे." सिद्धार्थ वैतागला. "आप्पा, तुमी बेळगावात ऱ्हाताय. आमच्या पोरांना अर्जावर पत्ता लिवाय लागतोय. नाव घ्या की पदरात." पोराचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. यशवंताच्या हट्टापायी नावाचा ठराव मागं पडला, खालचीचा ठराव तसाच राहिला, आणि त्याच्या स्वतःच्या आळीतली माणसं त्याच्यावर रुसली. चुलत भावानं तर बोलणं टाकलं. सणाला गावी गेला तरी कट्ट्यावर त्याच्याजवळ कुणी बसायचं नाही.

आमचं शेवटचं भांडण त्याच्यावरूनच. मी म्हटलं, यशा, व्यवहार बघ. नाव घे, आज पडदा तर पडदा, उद्याची पोरं पडद्यामागचं विसरतील. तो म्हणाला, "विसरत न्हाईत रं. पूर येऊन बी विसरलं न्हाईत." मी म्हटलं, तू एका शब्दासाठी आपली माणसं तोडतोयस. तो म्हणाला, "एकाच शब्दासाठी तर त्यांनी आमाला तोडलंय." मी म्हटलं, हे असलं बोलायला बरं वाटतं, यानं बोर्ड बदलत नाही. मग तो ते डोकं फिरल्याचं वाक्य बोलला आणि फोन ठेवला. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्याचं चुकलं असंही वाटत नाही. म्हणून तर भांडण पुरं व्हायला पाहिजे होतं.

जलदान विधीला मी गेलो. समाजमंदिरात माणसं मावत नव्हती. वरच्या आळीतलेही खूप आले होते, आणि खोटं कशाला बोलू, मनापासून आले होते. बुद्धवंदना झाली, मग भाषणं सुरू झाली. जो तो उठून एकच सांगत होता. शिंगे सर खालच्या आळीत जन्मले आणि केवढे वर गेले! गावाच्या खालच्या अंगातून माणूस एवढा वर कसा जातो हे सरांकडून शिकावं! एक झाला, दुसरा झाला, चौथा झाला. खिडकीतून खाली पसरलेलं गाव, देवळाचा कळस, नदी, सगळं दिसत होतं, आणि बोलणारा प्रत्येक जण तिकडं पाठ करून हेच वाक्य म्हणत होता. मला उठून ओरडावंसं वाटलं. पण समोर यशवंताची बायको, सुजाता वहिनी, पांढऱ्या साडीत मान खाली घालून बसली होती. मी बसून राहिलो. शेवटी तो पंचायतीचा सदस्य उठला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं जाहीर केलं की गावानं सरांची आठवण ठेवायचं ठरवलं आहे, या रस्त्याला सरांचं नाव देण्यात येईल. टाळ्या झाल्या. सिद्धार्थ रडत होता. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

आणि बघा, जो बोर्ड दोन वर्षं होत नव्हता तो दोन आठवड्यांत झाला. परवा सिद्धार्थचा फोन आला, काका, बोर्ड बसला, बघून जावा. गेलो. स्टँडवर उतरलो तर माळाच्या चढाच्या तोंडाशीच, लोखंडी खांबांवर, निळ्या रंगाचा कोरा करकरीत बोर्ड. वर कन्नड, खाली मराठी, त्याखाली इंग्रजी. यावर आता कुणाची तक्रार नव्हती म्हणे. प्रा. यशवंत शिंगे मार्ग. आणि त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, खालची आळी. केळगिन ओणी. आणि इंग्रजीत, त्याच्या त्या लाडक्या इंग्रजीत, लोअर लेन. शेजारी बाण होता. सरळ जायचं असलं की बोर्डावर बाण वरच्या तोंडाचा काढतात, तसा तो थेट आभाळाकडं तोंड करून उभा होता. हसू यायला पाहिजे होतं. यशवंत असता तर दोघं मिळून हसलो असतो, स्टँडवरच्या लोकांनी वळून बघितलं असतं इतकं हसलो असतो. एकट्याला ते जमेना. नुसती चीड येत होती, आणि ती कुणावर काढावी ते कळत नव्हतं. बोर्ड रंगवणाऱ्यावर? त्या रडणाऱ्या सदस्यावर? जगात एवढे शब्द आहेत आणि या माणसाच्या नावाखाली लिहायला यांना हाच सापडला. तेही प्रेमानं, वर्गणी काढून!

मग चालू लागलो. सिद्धार्थ वर वाट बघत होता, जाणं भाग होतं. सिमेंटचा रस्ता झाल्यापासून तो चढ जास्तच उभा वाटतो, की माझं वय झालं, कोण जाणे. निम्म्यावर दम लागला. विजेच्या खांबाला हात टेकून उभा राहिलो. वरून वरच्या आळीतली एक म्हातारी येत होती, माळावरनं गवताचा भारा डोक्यावर घेऊन, सरसर उतरत. मला बघून थांबली. शहरातला दिसतोय म्हटल्यावर आपुलकीनं विचारलं, "काय वो, खाली निघालासा?"

मला सांगायचं होतं की नाही आजी, वर निघालोय. एवढंच, एक शब्द. मी तोंड उघडलं, पण चढानं अशी धाप लागली होती की घशातून आवाजच फुटेना. मी हातानं माळाकडं दाखवलं. "व्हय, व्हय, खालीच की," म्हातारी म्हणाली, "दमानं जावा." मला श्वास येईपर्यंत ती उतार उतरून वर पोचलीसुद्धा.